फळीची कंबर

“हात वर कर,” तो म्हणाला. मी केला. हातात लोकरीची टोपी होती, तीही हाताबरोबर वर गेली. शाळेच्या त्या भल्यामोठ्या व्यायामशाळेत मी गुन्हा कबूल केल्यासारखा उभा राहिलो. त्याने एक स्की, म्हणजे बर्फावरून घसरायची लांब फळी, उचलून माझ्या शेजारी उभी धरली. तिचं टोक बरोबर माझ्या मनगटाला लागलं. “दोनशेतीन. तुझ्यासाठीच बनवलीय.”

ही १९९६ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. अमेरिकेत, डेन्व्हरला येऊन मला दोन वर्षं झाली होती. आदल्या हिवाळ्यात भाड्याच्या फळ्यांवर पडत-झडत शिकलो होतो आणि आता स्वतःची जोडी हवी होती. दर शरद ऋतूत इथे शाळांमधून जुन्या स्कीसामानाचा बाजार भरतो. पाच फूट आठ इंचाच्या माणसाला २०३ सेंटिमीटरची स्की, म्हणजे माणसापेक्षा वीतभर नाही, चांगली दीड वीत उंच. लांबी ठरवायची तेव्हाची रीतच ती होती, हात वर आणि टोक मनगटाला. तरबेज माणूस असेल तर आणखी थोडी जास्त. लांबी म्हणजे इभ्रत. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत लोक आधी तुमच्या फळ्यांकडे बघायचे आणि मग तोंडाकडे.

शेजारच्या टेबलावर एक वेगळीच जोडी पडली होती. टोकाला रुंद, शेपटीला रुंद, मधे बारीक. डमरू घेऊन दोन्ही बाजूंनी ताणत न्यावा तशी. लांबीनेही आखूड. तिला तेव्हा ‘पॅराबोलिक’ म्हणायचे. किंमत अडीचशे डॉलर, आणि माझ्या २०३ च्या जोडीची बाइंडिंगसकट, म्हणजे बूट फळीला जखडणाऱ्या खटक्यांसकट, चाळीस. मी तिच्याकडे बघतोय हे त्या माणसाच्या लक्षात आलं. चाळीस वर्षं डोंगरावर काढलेला, उन्हाने गाल रापलेला माणूस. म्हणाला, “ते खेळणं आहे. दोन वर्षांत दिसणारसुद्धा नाही. आधी नीट वळायला शीक, मग बघ.”

मला पटलं. पटायला फार वेळ लागलाच नाही, कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरी, सांगलीत, नवी वस्तू पहिल्या वर्षी घ्यायची नाही असा बाबांचा दंडक होता. आधी ती शेजारी यावी, तिथे बिघडावी, दुरुस्त व्हावी आणि मग आपल्याकडे यावी. १९८२ साली देशात रंगीत टीव्ही आला. आमच्याकडे तो यायला १९९१ उजाडलं. कपिलने उंचावलेला विश्वचषक मी काळा-पांढराच पाहिलाय. बाबा कंजूष नव्हते, त्यांना फक्त फसायचं नव्हतं. हे दुखणं आनुवंशिक असावं.

तर मी चाळीस डॉलर देऊन ती लांबलचक जोडी घरी आणली. बायको म्हणाली, “ही ठेवणार कुठे?”

आता थोडं वळण्याविषयी, कारण सगळा झगडा तिथेच आहे. उतारावरून सरळ खाली जायला कौशल्य लागत नाही, गुरुत्वाकर्षण ते फुकटात करून देतं. कौशल्य लागतं वळायला, कारण वळलं तरच वेग आटोक्यात राहतो. जुन्या सरळ फळीवर वळायचं म्हणजे आधी गुडघ्यात वाकायचं, मग एकदम वर उठून फळ्यांवरचा भार क्षणभर हलका करायचा आणि तेवढ्यात पायाने शेपट्या बाजूला ढकलायच्या. फळी वळत नसे, फरफटत जायची. शेवाळलेल्या अंगणात खराटा मारल्यासारखा आवाज यायचा. दुपारी दोन वाजेपर्यंत मांड्यांची लाकडं व्हायची. हे नीट जमायला लोक पाच-सहा हिवाळे घालवत, आणि ज्यांनी घालवले त्यांना त्याचा अभिमान असणं साहजिक होतं.

कंबर असलेली फळी हे काम वेगळ्या तऱ्हेने करते. घरात उरलेली एखादी लग्नपत्रिका घ्या, जाड कागदाची. तिची लांब पट्टी कापा आणि तिच्या दोन्ही कडा मधे आत गेलेल्या अशा कमानदार कातरा. आता ती टेबलावर तिरकी, एका कडेवर धरा. दोन टोकं टेबलाला टेकतात, मधला भाग अधांतरी राहतो. त्या मधल्या भागावर बोट दाबा. कड टेबलाला पूर्ण टेकेपर्यंत दाबत गेलात की पट्टी वाकते आणि टेबलावर एक कमान उमटते. स्कीचं वळण ते हेच. बोटाच्या जागी तुमचं वजन, टेबलाच्या जागी बर्फ. तुम्ही फक्त फळी कडेवर तिरकी करायची आणि तिच्यावर उभं राहायचं, ती त्या कमानीवरून तुम्हाला घेऊन जाते. कंबर जितकी खोल तितकी कमान आखूड. आणि तिरकेपणा वाढवला की ती आणखी आखडते, साठ अंशांवर ढोबळमानाने निम्मी होते.

टोक आणि शेपटी जोडणारी सरळ रेषा काढली, तर जुन्या फळ्यांची कंबर त्या रेषेपासून साधारण ७ मिलिमीटर आत असायची. एवढ्याशा बाकातून जी कमान निघते तिची त्रिज्या चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे वळण पूर्ण होईपर्यंत तुम्ही पायवाट सोडून पाइनच्या झाडात. म्हणून फरफटणं भाग होतं. १९९३ साली स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची स्की बाजारात आणली, युरी फ्रँको आणि पावेल श्कोफित्स या दोन अभियंत्यांनी आखलेली. तिची कंबर २२ मिलिमीटर आत होती आणि त्रिज्या १५ मीटर. फरक डोळ्याला बोटभरसुद्धा दिसत नाही. पायाला दिसतो.

मग हे आधी का नाही सुचलं? सुचलं होतं की. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात मोर्गेदाल नावाचं खेडं आहे. तिथला सोंद्रे नोर्हाइम नावाचा गरीब कुळवाडी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कंबर असलेल्या लाकडी फळ्यांवर लीलया वळत होता. १८६८ साली तो ख्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, स्पर्धेत उतरला आणि शहरी लोकांना त्याने थक्क करून सोडलं. पुढे पोटासाठी अमेरिकेत आला आणि नॉर्थ डकोटात स्थायिक झाला. नॉर्थ डकोटा! तव्यासारखा सपाट प्रदेश. जगाला वळायला शिकवणाऱ्या माणसाने उरलेलं आयुष्य जिथे वळायला उतारच नाही अशा जागी काढलं. इथे येऊन पोट भरणाऱ्या माणसाला हा तपशील विसरता येत नाही.

नोर्हाइमनंतर सव्वाशे वर्षं कंबरेचा बाक जवळपास तेवढाच राहिला. त्यालाही कारण होतं. टोक रुंद आणि मधला भाग बारीक केला की फळी पिळवटते. तुम्ही कंबर तिरकी करता आणि टोक मात्र सपाटच राहतं, बर्फात रुततच नाही. हा पीळ सोसायचा तर आत धातूचे पत्रे हवेत, काचतंतू हवेत, ते नीट चिकटवता यायला हवेत. निव्वळ लाकडाच्या फळीच्या ते आवाक्यातलं नव्हतं. आणि दुसरं कारण म्हणजे सवय. शर्यती जिंकणारे जे वापरतात तेच उत्तम, असं एकदा ठरलं की त्याची उलटतपासणी कोण करणार?

या बाबतीत मला सर्वांत आवडतो तो हॉवर्ड हेड. बाल्टिमोरच्या विमान कारखान्यातला अभियंता. १९४७ साली व्हरमॉन्टमधल्या स्टो इथे पहिल्यांदा स्कीइंगला गेला आणि जाम पडला. कुणीही म्हटलं असतं, मला जमत नाही. तो म्हणाला, फळ्याच बेकार आहेत. विमानाच्या ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मधे लाकूड असं सँडविच करून त्याने जोड्यांमागून जोड्या बनवल्या, त्या मोडल्या, पुन्हा बनवल्या, आणि १९५० च्या सुमारास धातूची स्की उभी केली. ती इतकी सहज वळायची की लोक तिला ‘चीटर’ म्हणू लागले. लबाड! पुढे कंपनी विकून हा गृहस्थ टेनिस खेळू लागला. तिथेही खेळ बेतास बात. मग त्याने रॅकेटचंच डोकं मोठं केलं. प्रिन्स कंपनीची ती अवाढव्य रॅकेट १९७६ साली आली, तिलाही लोक हसले, आणि १९७८ मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर तीच रॅकेट घेऊन यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात पोचली. दोन खेळ एकाच माणसाने बदलले आणि दोन्ही वेळा कारण एकच, त्याला ते नीट खेळता येत नव्हते.

आता माझ्या व्यायामशाळेतल्या गुरुजींकडे परत येतो. ते त्या फळीला ‘खेळणं’ म्हणाले त्याच साली न्यू हॅम्पशायरचा एक अठरा वर्षांचा पोरगा, बोडी मिलर, के२ कंपनीच्या ‘फोर’ नावाच्या कंबरदार फळ्या घालून राष्ट्रीय ज्युनिअर शर्यती मारून गेला होता. मला हे माहीत नव्हतं. त्यांनाही बहुधा नसावं.

मी अडीच हिवाळे त्या २०३ वर काढले. लाज वाटण्याइतकं हळू शिकलो. १९९९ च्या फेब्रुवारीत लव्हलँडला गेलो होतो. हा डोंगर महामार्गाच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या बरोबर डोक्यावर आहे, खालून ट्रक जातात आणि वरून आपण. त्या दिवशी माझ्या बुटाची चाप तुटली. भाड्याच्या दुकानातून बूट घ्यावे लागले आणि त्या मुलीने बुटांबरोबर फळ्याही पुढे सरकवल्या, १७७ च्या. माझ्या डोक्याच्या जेमतेम वर येत होत्या. सरळ फळ्या त्यांनी ठेवणंच बंद केलं होतं.

पहिल्या वळणाला मी सवयीने उठलो, शेपट्या ढकलल्या आणि सपशेल आडवा झालो. दुसऱ्या वळणाला काहीच केलं नाही. भीतीने आखडून नुसता डावीकडे झुकलो. फळ्या वळल्या. आवाज नाही, फरफट नाही, सुरीने लोणी कापावं तसा एक बारीक चर्र. मी उजवीकडे झुकलो, त्या उजवीकडे. वर जाताना लिफ्टमधून खाली पाहिलं तर माझ्या त्या उतरणीचा माग दिसत होता. दोन बारीक रेषा, रुळांसारख्या समांतर. तीन वर्षांत माझ्या मागे बर्फावर रेषा कधी उमटलीच नव्हती, नेहमी पुसल्यासारखा पट्टा असायचा. दुपारी चारला गाडीपाशी आलो तेव्हा मांड्या शाबूत होत्या.

त्या संध्याकाळी गाडीत मला गुरुजींचा राग आला. आता येत नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ती फळी खरोखरच नको होती, कारण ती जे देणार होती ते त्यांनी स्वतःच्या मांड्यांत चाळीस वर्षांत भरून घेतलं होतं. चूक माझी. ज्याची अडचण कधीच सुटलीय त्याला जाऊन मी विचारलं, की अडचण सोडवणारी वस्तू घ्यावी का! नदी पार केलेल्याला पुलाची चौकशी. मी विचारायला हवं होतं माझ्यासारख्याच एखाद्या पडणाऱ्याला.

उस्ताद लोक कशावरही उस्तादच राहतात याचा पुरावा पुढे मिळाला. २०१२ च्या मोसमात आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने दुखापतींच्या काळजीने पुरुषांच्या जायंट स्लालमच्या, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीच्या, फळ्या पुन्हा सरळ करायला लावल्या, त्रिज्या २७ वरून किमान ३५ मीटर. अमेरिकेच्या टेड लिगेटीने जाहीर आरडाओरडा केला, खेळाची वाट लावताय म्हणून. आणि ऑक्टोबरात त्याच नव्या-जुन्या फळ्यांवर त्याने ऑस्ट्रियातल्या सोल्डनची पहिली शर्यत २.७५ सेकंदांनी जिंकली. जिथे शतांशांवर निकाल लागतात तिथे पावणेतीन सेकंद. काही वर्षांनी महासंघाने आकडा ३० वर आणला. माझ्यासारख्याने ३५ मीटरवाल्या फळ्या घातल्या असत्या तर मी अजून त्या झाडात असतो.

कंबरेचं प्रकरण दोन-चार वर्षांत मिटलं, सरळ फळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. त्यानंतर दरवर्षी ‘क्रांती’ येऊ लागली. बहुतेक वेळा ती रंगाची असे. गेल्या वर्षी निळी होती तीच फळी यंदा केशरी, आणि टोकावर एक नवं इंग्रजी अक्षर चिकटलेलं. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

एक क्रांती मात्र खरी होती. शेन मकॉन्की नावाचा एक अचाट माणूस. त्याच्या लक्षात आलं की भुसभुशीत, कमरेइतक्या ताज्या बर्फात आपण बर्फावर चालत नसतो, त्यात तरंगत असतो. मग फळी होडीसारखी का नको? पठ्ठ्या अलास्कात पाण्यावरच्या स्की घालून डोंगर उतरला. त्यातून व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ निघाली, २००२ च्या सुमारास. कंबर उलटी, म्हणजे मधे सर्वांत रुंद, आणि तळ केळ्यासारखा, दोन्ही टोकं वर. साधी स्की जमिनीवर ठेवली तर मधे किंचित उचललेली असते, ही नेमकी उलट. घट्ट बर्फावर ती साबणासारखी निसटायची, पण खोल बर्फात जादू. मकॉन्की २००९ साली इटलीच्या डोलोमाइट पर्वतात कड्यावरून झेप घेताना गेला. त्याची कल्पना मात्र हळूहळू निवळत सगळीकडे पसरली. आज दुकानातल्या जवळपास प्रत्येक फळीचं टोक थोडं लवकर वर उठतं. त्याला रॉकर म्हणतात. आणि कंबरेची रुंदी वाढली. एससीएक्सच्या काळात साठ-पासष्ट मिलिमीटरची असायची, आता नव्वद-शंभर सहज.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या ऑक्टोबरात माझी पंधरा वर्षं जुनी जोडी दुकानात नेली, बाइंडिंग तपासायला. तिथल्या मुलाने यादीत पाहिलं आणि मान हलवली. अमुक वर्षांपूर्वीच्या बाइंडिंगची जबाबदारी बनवणारी कंपनी आता घेत नाही, म्हणून दुकानही हात लावत नाही. फळ्या ठणठणीत, पण कुणी स्क्रू फिरवणार नाही. म्हणजे घेणं आलं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

लेकीला फोन केला. ती युटाला असते, तिचा जन्म २००० चा, सरळ फळी तिने फक्त आमच्या घरीच पाहिलीय. “बाबा, शंभरच्या खाली घेऊच नकोस. तू अजून ७६ वर स्की करतोस? संग्रहालयात ठेव ती.” मी म्हटलं, रुंद फळ्या म्हणजे फॅशन आहे, दोन वर्षांत... आणि मधेच थांबलो. व्यायामशाळेचा वास आला.

म्हणून या वेळी विचारलं नाही, वापरून पाहिलं. डिसेंबरात डोंगराच्या पायथ्याशी कंपन्या तंबू ठोकतात आणि फळ्या तासभर फुकट वापरायला देतात. आधी १०२ मिलिमीटरवाली घेतली. रात्री यंत्राने विंचरलेला, कॉड्रॉयच्या पँटसारखा रेघारेघांचा घट्ट उतार होता. फळी वळायची, पण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला तिला विचार करावा लागायचा. बूट मधोमध आणि कड त्याच्यापासून लांब, त्यामुळे ती तिरकी धरून ठेवायला गुडघ्याला जोर लावावा लागतो. डाव्या गुडघ्याने तिसऱ्या फेरीलाच तक्रार नोंदवली. मग ८८ वाली घेतली. लवकर उठणाऱ्या टोकामुळे ती वळणात आपसूक शिरत होती. हे माझ्या जुन्या ७६ ला कधीच जमलं नव्हतं, आणि माझा ग्रह मात्र असा होता की रॉकर म्हणजे फक्त पोरांचा नाद.

मी वर्षाला पंधराएक दिवस जातो. त्यातले दोन, फार तर तीन दिवस ताजा खोल बर्फ मिळतो, तोही सकाळी दहापर्यंत, मग शहरातून आलेल्या गर्दीने तुडवलेला. तीन सकाळींसाठी बारा दिवस गुडघा कशाला शिणवू? लेक राहते तिथे बर्फ पडतो आणि पडतच राहतो. तिचं तिच्या डोंगरापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. मला ते एकदाच मनापासून पटलं होतं, गुलमर्गला. गोंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३९०० मीटरवर, सोडतात आणि पुढे सगळा डोंगर जसा पडलाय तसा, ना विंचरलेला ना आखलेला. मी इथून मिरवत नेलेल्या माझ्या अरुंद फळ्या टोकापासून बुडाल्या आणि त्यांच्यामागोमाग मी. तिथला मार्गदर्शक पोरगा आपल्या रुंद जुनाट भाड्याच्या फळ्यांवर तरंगत खाली जाऊन माझी वाट बघत बसला होता. खाली पोचल्यावर त्याने अदबीने विचारलं, “सर, ये रोड के लिए है क्या?”

शेवटी ८८ ची घेतली, १७२ सेंटिमीटर. आणि हो, गेल्या वर्षीचा रंग, तीस टक्के सूट. बाबा असते तर म्हणाले असते, आणखी एक वर्ष थांबला असतास तर निम्म्यात मिळाली असती. मीही ते मनात म्हणून पाहिलं. पण एकसष्टाव्या वर्षी एक हिवाळा म्हणजे तीस टक्क्यांहून महाग पडतो.

घरी आणून भिंतीला टेकवली. बायकोने वरपासून खालपर्यंत पाहिली, मग मागच्या अंगणाकडे नजर टाकली. तिथे माझी चाळीस डॉलरची २०३ ची जोडी गेली कित्येक वर्षं मातीत रोवून उभी आहे, दर उन्हाळ्यात तिच्यावर दोडक्याचा वेल चढतो.

“आखूड आहे,” ती म्हणाली. “ही काही वेलाला पुरायची नाही.”